मुअम्मा, वाटणी आणि मोडीतला कागद

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिच्या हातात 'द इनहेरिटन्स गेम्स' नावाची जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. जेनिफर लिन बार्न्स या अमेरिकन लेखिकेची, 2020 सालची. टेक्ससमधला एक अब्जाधीश मरतो आणि जवळजवळ सगळी इस्टेट एका अनोळखी मुलीच्या नावावर करून जातो. वाड्यात चोरवाटा, पत्रांत कोडी, चार नातू, आणि घराण्याची लपवलेली गुपितं. भाचीने दोन रात्रींत पुस्तक संपवलं. "खाला, वाच ना," म्हणून मागे लागली, म्हणून मीही वाचलं.

खरं सांगू? मजा आली. पण शाळेत उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला पहिल्याच प्रकरणात एक अडचण दिसते. आपल्या फिकहमध्ये वसीयत एक तृतीयांशाच्या वर चालत नाही. उरलेला दोन तृतीयांश वारसांचा, आणि त्यांचे हिस्से ठरलेले. म्हणजे त्या म्हाताऱ्याला आपल्या दोन सख्ख्या मुलींना किरकोळ रक्कम देऊन वाटेला लावता आलं नसतं. मी हे बोलले तेव्हा भाची म्हणाली, "मग स्टोरीच झाली नसती!" बरोबर आहे तिचं.

पण तिचा दुसरा प्रश्न मला आवडला. ही कोडी फोडायची विद्या काढली कोणी? तिला वाटत होतं, शेरलॉक होम्सने.

होम्सची 'डान्सिंग मेन' ही कथा 1903 ची. नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांत निरोप लपवलेला असतो. होम्स चित्रं मोजतो. जे सर्वांत जास्त वेळा येतं ते इंग्रजीतलं 'ई' हे अक्षर असणार, असं धरून पुढे जातो. त्याच्याही आधी, 1843 मध्ये, एडगर अॅलन पो याने 'द गोल्ड बग' मध्ये हीच युक्ती वापरून खजिना शोधायला लावला होता. पण ही युक्ती लिहून ठेवली गेली ती पो याच्या सुमारे हजार वर्षं आधी, बगदादमध्ये.

अबू यूसुफ याकूब अल-किंदी हा नवव्या शतकातला फिलसूफ. खलिफा मामून आणि मुतसिम यांच्या दरबारात त्याचं वजन होतं. पुढे मुतवक्किलच्या काळात विरोधकांनी कान भरले आणि त्याचा कुतुबखाना जप्त झाला. नंतर तो परत मिळाला. त्याने औषधं, संगीत, अत्तरं, ग्रह-तारे अशा असंख्य विषयांवर लिहिलं. त्यातच एक छोटी रिसाला आहे, 'मुअम्मा' उकलण्याबद्दलची. मुअम्मा हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. दिल्लीच्या 'शमा' मासिकातले इनामी मुअम्मे सोडवत बसलेले वडीलधारे अनेकांना आठवत असतील.

अल-किंदीची रीत अशी. गुप्त मजकूर ज्या भाषेत आहे, त्याच भाषेतला दुसरा, साधा आणि पुरेसा लांब मजकूर घ्या. त्यातलं प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते मोजा. सर्वांत जास्त आलेलं पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. आता गुप्त मजकुरातल्या खुणा तशाच मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अरबीत अलिफ सर्वांत पुढे, त्यामागे लाम. एवढ्यावर कुलूप उघडतंच असं नाही, म्हणून कोणती अक्षरं एकमेकांशेजारी येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, हेही तो पाहायला सांगतो. अक्षर बदलता येतं, पण भाषेची सवय बदलता येत नाही.

हे बगदादमध्येच का सुचलं? कारण तिथे अक्षरांकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसं होती. अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचणारा बसऱ्याचा खलील बिन अहमद आठव्या शतकातला. त्यानेही मुअम्म्यावर किताब लिहिली होती, ती हरवली. एक ग्रीक पत्र त्याने 'सुरुवातीला अल्लाहचं नाव असणारच' एवढ्या अंदाजावर उकललं, असं सांगतात. अल-किंदीची रिसालाही विस्मरणात गेली होती. इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात तिचं हस्तलिखित मिळालं आणि दमास्कसच्या अभ्यासकांनी ते 1987 मध्ये छापून आणलं. आणि इंग्रजीत गुप्तलिपीला जो शब्द आहे, 'सायफर', तो आपलाच सिफर. शून्य.

इथपर्यंत भाची खूश होती. मग मी तिला अल-ख्वारिज्मीबद्दल सांगितलं. तोही बगदादचा, मामूनच्याच काळातला. त्याच्या ज्या किताबीवरून 'अल्जिब्रा' हा शब्द आला, ती शाळेत सगळ्यांना माहीत असते. पण त्या किताबीचा फार मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या गणितांचा आहे, हे कुणी सांगत नाही. बाई मेली, मागे नवरा, मुलगा आणि तीन मुली, एकाला अमुक भागाची वसीयत. आता कोणाला किती? अशी उदाहरणामागून उदाहरणं. म्हणजे भाचीच्या कादंबरीतल्या दोन्ही गोष्टी, कोडं आणि इस्टेट, एकाच शहरात एकाच पिढीच्या आसपास हिशेबात बसवल्या जात होत्या.

"आपल्या घरी नाही का असं काही? गुपित वगैरे?" तिने विचारलं.

होतं. अब्बांच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. मोडी ही गुप्त लिपी नव्हे. भराभर लिहायची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विचार करायचा नाही. दोन पिढ्यांपूर्वी गावचा कारकून ती सहज वाचायचा. आज आपल्यासाठी ती मुअम्माच झाली आहे. गेल्या वर्षी एका जाणकाराकडून मी तो कागद वाचून घेतला होता.

खजिना नव्हता. 1941 सालचं हक्कसोडपत्र होतं. माझ्या आजोबांच्या दोन बहिणींनी वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा 'राजीखुशीने' भावाला सोडला, साडीचोळी भरून पावली, असा मजकूर. पुरुषांच्या नावांत 'बिन', बायकांच्या नावांत 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. खाली दोन अंगठे. त्याच्या चारच वर्षं आधी, 1937 मध्ये, शरियत कायदा आला होता, पण त्यातून शेतजमीन वगळली होती. त्याही आधी, 1847 मध्ये, खोजा मुलींनी वडिलांच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला तेव्हा मुंबईच्या कोर्टाने रिवाज वरचढ ठरवला होता. आमच्या घरी तर कोर्टाचीही गरज पडली नाही. कागद लिहिणारा हाताशी होता आणि बहिणींना वाचता येत नव्हतं.

त्या दोघींना मी लहानपणी पाहिलं आहे. ईदला यायच्या, ओसरीवर बसायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. आत्याफुफ्या येतात त्याच घरी पाहुण्यासारख्या का बसतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

भाचीने त्या अंगठ्यांवर बोट ठेवून विचारलं, "खाला, त्यांना माहीत होतं का, कशावर अंगठा देतोय ते?"

मी उत्तर दिलं नाही. कारण अब्बांच्या इंतकालनंतर असाच एक कागद माझ्याकडेही आला आहे. हा देवनागरीत आहे, टाईप केलेला, स्वच्छ. त्यातही 'राजीखुशीने' हाच शब्द आहे. तो पाच महिने माझ्या कपाटात पडून आहे, सही केलेली नाही. भाऊ चांगला आहे, वाईट बोलत नाही, फक्त फोनवर दर वेळी शेवटी विचारतो, "आपा, ते तेवढं झालं का?" जानेवारीत तो येणार आहे. मी भाचीलाही त्या दिवशी बोलावलं आहे.