आठ दिवसांचे पाहुणे

1951 साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमटे, त्यांच्या पत्नी साधनाताई आणि सहा कुष्ठरुग्ण राहायला आले. माळावर विहीर खणली, भाजी पिकवली, पण ती विकत घ्यायला गावात कोणी धजेना. पुढे 1954मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण या माळावरच्या आनंदवनात श्रमदानाला आले. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली गावं उभी करायला 1920मध्ये निघालेली ही संस्था. बिहारच्या 1934च्या भूकंपानंतरही तिची माणसं धावून आली होती. या मुलांनी रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केलं. त्यांना असं वावरताना पाहून वरोऱ्याची भीती ओसरू लागली. मला ते काम इमारतींहून मोठं वाटतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस मूल तालुक्यात बाबांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. दर वर्षी 15 ते 22 मे. आमच्या इंदिरानगरातून आम्ही चौघं गेलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. बंधाऱ्यावर माझ्या शेजारी एक आजोबा होते. बोटं झडलेली, तरी दोन्ही तळव्यांत फावड्याचा दांडा दाबून ते घमेली भरत. माझ्या हाताला पहिल्याच दिवशी फोड आले. घमेलं गुडघ्याच्या आधाराने कसं उचलायचं, ते त्यांनी दाखवलं. मी मदतीला गेलो होतो आणि शिकवत होते ते.

हेमलकशाला 23 डिसेंबर 1973 रोजी बाबांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्यांचा मुलगा प्रकाशभाऊ आणि सून मंदाताई तिथे राहिले, माडिया बोली शिकले, म्हणून लोक दवाखान्याची पायरी चढले. आठ दिवसांच्या पाहुण्याला हे जमणं शक्य नाही. 2014मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला आणि पर्यटकांची रीघ लागली. त्यातून देणग्या येतात हे खरं, पण आजारी माणसासमोर मोबाइल धरणं मला सहन होत नाही.

आम्ही तरी वेगळे कुठे होतो! इंदिरानगरात गट जमवला आणि ऐन जुलैत पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर झाडं लावायला गेलो. स्वागतासाठी बायका भाताची लावणी सोडून थांबल्या, त्यांचा दिवसाचा रोज बुडाला. मुलांची शाळाही बुडाली. आम्ही फोटो काढून संध्याकाळी घरी. चैत्रात जाऊन पाहिलं तर निम्मी रोपं गुरांनी खाल्लेली, उरलेली वाळलेली. प्यायचं पाणी जिथे बायका डोक्यावरून आणतात, तिथे रोपांना कोण घालणार? हे आधी विचारायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही करत होतो ते कपडेवाटपही बंद केलं. काय करायचं आणि केव्हा यायचं, हे पाड्यावरची माणसं सांगतात. लावणी-कापणीत आम्ही जात नाही. जेवणाचा शिधा सोबत नेतो. यंदा त्यांना विहिरीतला गाळ उपसायचा आहे. दोर आणि कप्पी त्यांच्याकडे आहे, ओढायला दहा माणसं हवीत. आतापर्यंत सहा नावं आली आहेत.