शेवाळाची पुरचुंडी

नागपुरात कळमन्याच्या बाजार समितीत मिरचीची पोती उघडली की वाऱ्यालाही ठसका लागतो. ही मिरची सावजी मसाल्यात पडते तेव्हा तिच्या जोडीला तव्यावर एक करडा, सुरकुतलेला पापुद्रा भाजला जातो. तो म्हणजे दगडफूल. संस्कृतात त्याला शैलेय म्हणतात. नावात दगड असला तरी बाजारातलं बरंचसं दगडफूल झाडाच्या सालीवरून काढलेलं असतं. आणि फूल तर ते नाहीच. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे, असं स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७ साली सांगितलं, तेव्हा मोठमोठे जाणकार त्याच्यावर तुटून पडले. त्यांत फिनलंडचा विल्यम निलांडर सर्वांत कडवा. त्याने ते मरेपर्यंत मानलं नाही.

पण दगडफुलांवरून हवा जोखण्याची विद्या सुरू होते ती निलांडरपासूनच. १८६६ साली पॅरिसमध्ये त्याच्या लक्षात आलं, की लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवर दगडफुलं आहेत, शहराच्या इतर भागांत मात्र ती दिसत नाहीत. जिथे ती नाहीत तिथली हवा बिघडलेली, असा त्याने अर्थ लावला.

धातूंची गोष्ट मात्र वेगळी. दगडफुलाला आणि भिंतीवरच्या मखमली शेवाळाला मुळं नसतात, अंगावर मेणाचा थरही नसतो. पाऊस आणि धूळ देतील तेच क्षार त्यांना मुख्यतः मिळतात. त्यासोबत येणारं शिसं, जस्त, कॅडमियम पेशींच्या भित्तिकांना चिकटून राहतं. म्हणजे इथे ती नाहीशी होऊन नव्हे, जगून साक्ष देतात.

ही साक्ष पहिल्यांदा नीट वाचली स्वीडनमधल्या लुंडच्या रूलिंग आणि टीलर या दोघांनी, १९६८ साली. संग्रहालयात जपलेले शंभर वर्षांचे शेवाळाचे नमुने घेऊन त्यांनी त्यांतलं शिसं मोजलं. ते दोनदा चढलेलं निघालं: एकदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोळशाच्या काळात, आणि पुन्हा १९५० नंतर, शिसंयुक्त पेट्रोलच्या काळात. ज्यांनी ते शेवाळ वाळवून कागदात ठेवलं, त्यांच्या मनात धातू नव्हतेच. निव्वळ निगुतीने जपलेल्या वस्तूतून असा पुरावा निघावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण जिथे शेवाळच टिकत नाही तिथे काय? वेल्समधलं स्वान्सीचं खोरं तांब्या-जस्ताच्या भट्ट्यांनी करपलेलं. तिथे गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी स्वच्छ जागचं शेवाळ नायलॉनच्या जाळीच्या पुरचुंडीत बांधून टांगलं आणि ठरावीक दिवसांनी काढून त्यातले धातू मोजले. १९७१ साली ही पद्धत छापून आली. आपल्याकडे, दगडफूल जागच्या जागी टिकून होतं तिथे, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी रायबरेलीजवळच्या ऊंचाहार औष्णिक केंद्राभोवतीचं पिक्साइन कोकोज हे दगडफूल तपासलं. त्याच्या शास्त्रीय नावामागे 'निल.' लिहितात, तो हाच निलांडर.

कळमन्याच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या चिमण्या आहेत, यार्डात दिवसभर ट्रक आहेत. इथलं शेवाळ पावसाळ्यापुरतं हिरवं. उन्हाळ्यात भिंतीवर काळा पापुद्रा तेवढा उरतो. म्हणून इथे पुरचुंडीच हवी. मूठभर धुतलेलं शेवाळ, जाळी, सुतळी. ती टांगावी यार्डातल्या शेडखाली, पोती वाहणाऱ्या हमालाच्या नाकाच्या उंचीवर.