बेकारीचा पैसा आणि कोर्टाची पायरी

लालबाग-परळच्या चाळींत काही शब्द कोर्टकचेरीतून आले आणि तिथलेच होऊन गेले. ‘ले-ऑफ’ हा त्यांतलाच. काम नाही, घरी बसा, निम्मा पगार घ्या. १९५३ साली कापड गिरण्यांत माल पडून राहिला, कामगारांना घरी बसवायची वेळ आली, तेव्हा ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात आली. कामावरून कायमचे कमी केले, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वर्षभर सलग काम न भरलेल्या बदली कामगाराच्या हाती मात्र ले-ऑफचा पैसाही नाही. गिरणगावात अशी बदलीवाली घरे काही थोडी नव्हती!

मी कवी माणूस. कायदा शिकलेलो नाही. पण शब्दांचा शौक असल्याने एक गोष्ट लक्षात आली. या पैशाला कोर्ट काय नाव देते, यावर दुसरेच खटले उभे राहतात किंवा पडतात.

मुंबईच्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीचा वाद १९५९ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. कामावरून कमी केल्याची भरपाई कायद्याने मिळते, मग वर ग्रॅच्युइटी कशाला, असा कंपनीचा सवाल. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी फोड केली. ग्रॅच्युइटी झालेल्या दीर्घ सेवेची, भरपाई पुढच्या बेकारीच्या दिवसांसाठी. दोन्ही देता येतील. ग्रॅच्युइटीचा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७२ साली झाला. तोवर अशा तंट्यांत कामगारांना या निकालाचा आधार होता.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. कामगार खालच्या कोर्टात जिंकतो, मालक वर अपील करतो, वर्षे जातात. तोवर चूल कशी पेटायची? १९८२ साली, दत्ता सामंतांचा गिरणी संप चालू असताना, संसदेने १७-ब हे कलम घातले. अंमल २१ ऑगस्ट १९८४ पासून. अपील चालू असेतो मालकाने शेवटचा पगार देत राहायचा. अट एकच : आपण दुसरीकडे कामाला नाही, असे कामगाराने प्रतिज्ञापत्रावर सांगायचे.

पण काम म्हणजे काय? १९८४ च्या दिल्लीच्या एका खटल्यात प्रश्न मागील पगाराचा होता. बडतर्फ माणूस सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत हातभार लावून पोट भरत होता. (आमच्या घरच्या उर्दूत हा शब्द ‘बरतरफ’, म्हणजे बाजूला सारलेला.) मालक म्हणाला, ही नोकरीच. न्यायालयाने विचारले, उद्या त्याने भीक मागितली तर तीही कमाईची नोकरी समजणार काय?

आणि कामगार अपिलात हरला तर? घेतलेला पैसा परत? १९९७ साली देना बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा पैसा निर्वाह भत्त्यासारखा आहे. मुख्य खटला हरला तरी तो वसूल करता येणार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. परतफेडीची टांगती तलवार असती, तर किती जणांनी हा पैसा घ्यायचे धाडस केले असते?

त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. ‘शेवटचा पगार’ म्हणजे बडतर्फीच्या दिवशीचा. मागाहून झालेली वाढ धरायची नाही. त्याहून जास्त द्यायचा हुकूम उच्च न्यायालय करू शकते, पण तेवढी जादा रक्कम हरल्यावर परत मागता येते. १९५३ पासूनच्या या तरतुदी ज्या औद्योगिक विवाद कायद्यात होत्या, त्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेने घेतली.