हरकतीपासून परवानगीपर्यंत : मुंबईतील बांधकाम-मंजुरीचा इतिहास

मुंबई शहरात नवी इमारत बांधू पाहणाऱ्या मालकाला महानगरपालिकेकडून प्रथम जो कागद मिळतो, तो कायद्याच्या दृष्टीने परवानगीचा नसून नापसंतीचा असतो. इमारत प्रस्ताव विभागात ‘आयओडी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा आणि मालक, वास्तुविशारद, कंत्राटदार या सर्वांकडून मंजुरीच समजला जाणारा हा दस्तऐवज आपल्या मजकुरात मात्र असे सांगतो की, सादर केलेल्या बांधकामास आयुक्तांची नापसंती आहे आणि सोबतच्या अटी पाळल्या तरच ते पसंत असल्याचे मानले जाईल. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ३४६ मधून आलेली ही रचना वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु जमिनीचा मालक आणि नगरशासन यांच्यातील अधिकारांची जी वाटणी एकोणिसाव्या शतकात झाली, तिचा हा जवळजवळ अविकृत राहिलेला अवशेष आहे. त्यापुढच्या काळात ही वाटणी पूर्णपणे उलटली, तरी जुना कागद फायलीतून गेला नाही.

बांधकामावर शासनाने बंधन घालावे ही कल्पना १८८८ च्या बरीच आधीची आहे. पेशवेकालीन पुण्यात घरे, रस्ते आणि बोळ यांविषयीचे तंटे कोतवालाच्या कचेरीत चालत. मात्र तेथे प्रश्न असे तो शेजाऱ्याच्या हक्काचा किंवा सरकारी वाटेवरील अतिक्रमणाचा, घर आतून कसे असावे याचा नव्हे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची पहिली बंधने लष्करी स्वरूपाची होती. तटावरील तोफांसमोर मोकळे मैदान राहावे म्हणून किल्ल्याबाहेरची घरे आणि माड हटवण्यात आले, आणि त्या पट्ट्यात नव्याने बांधण्यास मज्जाव करण्यात आला. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्याच्या दाटीवाटीच्या उत्तर भागाला मोठी आग लागून त्यातील बराच भाग भस्मसात झाला, तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या सरकारने ही संधी साधून मैदान वाढवले आणि एतद्देशीय वस्तीचा मोठा हिस्सा किल्ल्याबाहेर सरकवला. पुढे भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी या भागांत जी विलक्षण गर्दी झाली, तिला या स्थलांतराने वेग दिला, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण एका आपत्तीवरील उपायातून दुसऱ्या आपत्तीची जागा तयार होणे ही गोष्ट मुंबईच्या बांधकाम-नियमांच्या इतिहासात एकदाच घडलेली नाही.

किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत पाडला गेला आणि लष्करी कारणाने घातलेल्या बंधनांचे प्रयोजन संपले. त्यांची जागा नगरपालिकेच्या कायद्यांनी घेतली. १८६५ च्या कायद्याने आयुक्ताचे पद निर्माण झाले आणि आर्थर क्रॉफर्ड त्यावर आला. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सदस्यांच्या महानगरपालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले. आणि फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या सदस्यांनी विधिमंडळात ज्याच्या घडणीत भाग घेतला, त्या १८८८ च्या कायद्याने हीच व्यवस्था बहात्तर सदस्यांपर्यंत वाढवून स्थिर केली. मतदानाचा अधिकार कर भरण्याशी जोडलेला असल्यामुळे महानगरपालिकेत घरमालकांचा आवाज मोठा होता. ज्यांच्या इमारतींचे नियमन करायचे, त्यांच्याच प्रतिनिधींसमोर नियमनाचा खर्च आणि त्याचा कडकपणा मांडावा लागे, ही गोष्ट पुढील साऱ्या चर्चेची पार्श्वभूमी म्हणून महत्त्वाची आहे.

१८८८ च्या कायद्यातील बांधकामविषयक कलमे या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे त्यांचा रोख उलगडतो. कलम ३३७ नुसार इमारत बांधण्याचा इरादा असलेल्या व्यक्तीने आयुक्ताकडे ‘अर्ज’ करायचा नसून ‘नोटीस’ द्यायची असते. म्हणजे जागा, मोजमापे, इमारतीचे प्रयोजन आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव कळवून आपला इरादा जाहीर करायचा असतो. जुन्या इमारतीत फेरबदल किंवा वाढ करायची असल्यास अशीच नोटीस कलम ३४२ खाली द्यावी लागते. कलम ३४५ असे सांगते की, नोटीस किंवा मागवलेले नकाशे मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्ताने लेखी नापसंती कळवली नाही, तर मालकाने काम सुरू करावे. अर्थात कायदा व उपविधी यांचा भंग होणार नाही, अशा बेताने. आणि कलम ३४६ नुसार आयुक्ताला हरकत घ्यायची असेल, तर त्याने त्याच मुदतीत नापसंती कळवावी व ती कोणत्या अटींवर मागे घेतली जाईल तेही सांगावे. थोडक्यात, बांधण्याचा हक्क मालकाचा हे गृहीत आहे, आणि शासनाकडे आहे तो केवळ हरकतीचा, तोही मुदतबंद अधिकार. शासन गप्प राहिले तर त्या मौनाचा फायदा मालकाला मिळतो. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखालील उपविधींमध्येही नकाशे दाखल करण्याची आणि ठरावीक मुदतीत ते नाकारण्याची अशीच पद्धत होती, तेव्हा मुंबईचा कायदा या बाबतीत एकटा नव्हता. नोटिशीची ही रीत पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यातून इलाख्यातील लहान शहरांपर्यंत, आणि १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यातून पुण्यासारख्या शहरांपर्यंत पोहोचली.

कागदावर नेटकी असलेली ही व्यवस्था तपासायची काय, या प्रश्नावर मात्र अडखळली. सुरुवातीच्या नियमांचा भर आगीवर आणि सांडपाण्यावर होता : छप्पर व बाहेरच्या भिंती जळाऊ वस्तूंच्या नसाव्यात, मोरी व संडास यांचा निचरा नीट व्हावा, मैला नेणाऱ्या सफाई कामगारांना ये-जा करण्यासाठी दोन घरांच्या पाठींमध्ये चिंचोळी ‘घरगल्ली’ असावी. खोलीत उजेड येतो की नाही, वारा खेळतो की नाही, याकडे लक्ष फारसे गेले नाही. शिवाय आधीच उभ्या असलेल्या इमारतींना नवे नियम लागू होत नसत. खोल प्लॉटवर रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या उजेडाच्या आणि त्यांच्या मागे अंधाऱ्या खोल्यांची रांग, अशी चाळ नियमात बसत होती, आणि गिरण्यांकडे येणाऱ्या मजुरांमुळे तिला भाडेकरूंची वाण नव्हती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले, आणि अंधाऱ्या खोलीचा प्रश्न एकाएकी शासनाचा प्रश्न झाला. प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो हे तेव्हा मान्य झालेले नव्हते. रोग ओल, घाण आणि कोंदट हवा यांत वाढतो, असा समज होता, आणि म्हणून पथकांनी घरांवरची कौले उतरवून आत ऊन सोडले, राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरांचे शिक्के रंगवले आणि रहिवाशांना बाहेर काढले. १८९८ मध्ये स्वतंत्र कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन करण्यात आली, ती याच समजाच्या पायावर. महानगरपालिका घरमालकांच्या मुठीत आहे, तिच्याकडून हे काम होणार नाही, असा सरकारचा होरा होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. ट्रस्टने नागपाड्यापासून सुरुवात करून वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि पाडकामाच्या मानाने घरे मात्र कमी बांधली. त्यामुळे बाहेर पडलेले भाडेकरू शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथली दाटी वाढली.

बांधकाम-मंजुरीच्या इतिहासात ट्रस्टचे स्थान मात्र पाडकामापेक्षा एका कोनामुळे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ट्रस्टचा अध्यक्ष असलेला जे. पी. ऑर हा सनदी अधिकारी ‘साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमा’चा खंदा पुरस्कर्ता होता. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी रेषा बाहेर काढली असता ती समोरच्या कोणत्याही बांधकामाला अडखळू नये, असा तो नियम आहे. गणिताच्या भाषेत याचा अर्थ असा की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुप्पट असावी, त्याहून अधिक नसावी. कोणत्याही तपासनिसाला नकाशावर कोनमापक ठेवून हा नियम पडताळता येत असे, आणि त्याचे खरे बळ येथेच आहे : आरोग्य ही वादग्रस्त गोष्ट होती, कोन वादग्रस्त नव्हता. ट्रस्टची जमीन भाडेपट्ट्याने घेणाऱ्यावर हा नियम जमीनमालक या नात्याने, करारातूनच बांधता येई. म्हणून दादर-माटुंगा परिसरात चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून उभ्या राहिलेल्या इमारती ही या नियमाची दृश्य फलश्रुती होय. इमारतीभोवती सक्तीने सोडल्या जाणाऱ्या अशा जागेला आजच्या नियमावलीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. रोगाच्या कारणाविषयीचा ज्या समजावर हे सारे उभे होते तो चुकीचा ठरला, पण त्यातून आलेले मोकळे अंतर टिकले, आणि ते टिकले हे चांगलेच झाले. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.

तोपर्यंत बांधकामाच्या नियमनाचा विषय एकेकटी इमारत हाच होता. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा; त्याने नव्या वाढीच्या भागांत योजना आखण्याचा मार्ग खुला केला, आणि १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा ‘विकास आराखडा’ करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरवले. विकास आराखडा म्हणजे कोणत्या जमिनीचा कशासाठी उपयोग व्हावा, रस्ते कोठून जावेत आणि शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी कोणती जागा राखून ठेवावी, हे दाखवणारा कायदेशीर नकाशा. आपल्या जमिनीवर मैदानाचे ‘आरक्षण’ पडले आहे, हे मालकाला या नकाशातून कळू लागले, आणि इमारत कितीही सुरक्षित व हवेशीर असली, तरी ती त्या जागी नको, असे म्हणण्याचा अधिकार शासनाकडे आला.

याचा निर्णायक परिणाम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात दिसतो. या कायद्याचे मूळ गृहीतच १८८८ च्या नेमके विरुद्ध आहे : नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे सामान्यतः महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या, परवानगीवाचून कोणीही जमिनीचा ‘विकास’ करू नये. येथे मालक इरादा कळवीत नाही, तर कलम ४४ खाली अर्ज करतो; प्राधिकरण हरकत घेत नाही, तर कलम ४५ खाली परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. परवानगी मिळाल्याचा पुरावा म्हणजे ‘प्रारंभ प्रमाणपत्र’, बोलीभाषेतील ‘सीसी’. साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद याही कायद्यात आहे, पण ती नियमात बसणाऱ्या प्रस्तावापुरतीच. मौनाचा जुना लाभ असा बराच आखडला. मुंबईत मात्र १८८८ चा कायदा रद्द झाला नाही. म्हणून तेथे एकाच इमारतीसाठी प्रथम जुन्या कायद्याखालील नापसंतीचा कागद आणि मग नव्या कायद्याखालील परवानगीचा कागद, असे दोन कागद लागू लागले. पहिल्यातील अटी पुऱ्या केल्याखेरीज दुसरा मिळत नाही, आणि दुसराही अनेकदा टप्प्याटप्प्याने, आधी जोत्यापर्यंत व जोत्याची तपासणी झाल्यावर पुढे, असा दिला जातो.

याच सुमारास मुंबईच्या नियमांत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ आला, ज्याला सर्वजण ‘एफएसआय’ म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा हा आकडा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबई शहरासाठी सर्वसाधारणपणे १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा होता. गर्दी आवरण्यासाठी आलेला हा आकडा पुढे देवाणघेवाणीचे चलन बनला. आरक्षणाखालील जमीन देणाऱ्याला मोबदल्यात इतरत्र वापरता येणारा विकास हक्क मिळू लागला; बाल्कन्या आणि फुलझाडांचे कट्टे मोजणीतून वगळण्याच्या सवलतीचा गैरवापर फार झाला, म्हणून २०१२ मध्ये ते मोजणीत धरून त्याऐवजी अधिमूल्य भरून घेता येणारे जादा चटईक्षेत्र देण्यात आले. नकाशा तपासणाऱ्या अभियंत्याचे काम कोन मोजण्यावरून क्षेत्रफळ आणि रक्कम मोजण्यावर आले, आणि महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात इमारत प्रस्तावांपासूनचे उत्पन्न ही मोठी बाब झाली. नियमन करणाऱ्या संस्थेला अधिक बांधकामातून अधिक उत्पन्न मिळावे, ही स्थिती १८८८ च्या कायदेकर्त्यांना बहुधा विचित्र वाटली असती.

मुंबईबाहेर राज्यातील बहुतेक नियोजन प्राधिकरणांना २०२० पासून एकच एकत्रीकृत नियमावली लागू झाली. मुंबईची नियमावली वेगळीच राहिली. मुंबईच्या हद्दीतही झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९६६ च्या कायद्याखालील नियोजन प्राधिकरण या नात्याने काम करते, आणि त्यामुळे तेथून मिळणारा तोच कागद नापसंतीचा नसून मान्यतेचा असतो. दोन्ही कागदांचा शेवट मात्र एकाच ठिकाणी, भोगवटा प्रमाणपत्रावर, होणे अपेक्षित आहे. १८८८ च्या कायद्यात नंतर घातलेल्या कलम ३५३-अ नुसार काम पुरे झाल्याची नोटीस दिल्यावर राहण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि एकवीस दिवसांत नकार आला नाही तर राहण्यास हरकत नाही, अशी मालकाला झुकते माप देणारी जुनीच रीत तेथेही आढळते. प्रत्यक्षात नकाशाबाहेर वाढवलेल्या खोल्या, न भरलेले अधिमूल्य किंवा आरक्षणाची न सोपवलेली जागा यांमुळे हे प्रमाणपत्र न मिळालेल्या असंख्य इमारतींत कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे सुरुवातीचा नापसंतीचा कागद आहे, प्रारंभ प्रमाणपत्र आहे, महानगरपालिकेची मालमत्ता कराची देयकेही नियमित येतात, आणि गृहनिर्माण संस्थेची नोंदणीही झालेली आहे.