स्ट्रीमर (कृत्रिम गळमाशी)

स्ट्रीमर ही केस, पिसे व चमकदार तंतू गळाला बांधून तयार केलेली आणि लहान माशाची नक्कल करणारी कृत्रिम माशी होय. मूळच्या कृत्रिम माश्या पाण्यावर बसणाऱ्या कीटकांसारख्या असत. त्यामुळे मासोळीचे रूप घेतलेल्या या वस्तूलाही ‘माशी’ हेच काहीसे दिशाभूल करणारे नाव चिकटले. समुद्रातील शिकारी मासे प्रामुख्याने लहान माशांवर जगतात, म्हणून खाऱ्या पाण्यात हाच प्रकार अधिक वापरला जातो.

रचना व बांधणी

या पद्धतीत माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. जाड व वजनदार दोरी फेकली जाते आणि तिच्यामागून माशी जाते. म्हणून पाणी शोषून न घेणारे, ओले होताच चपटे होऊन मासोळीचा आकार धरणारे साहित्य निवडावे लागते. गळ गंजरोधक असतो. तो लहान वाइसमध्ये पकडून दांडीवर नायलॉनच्या धाग्याने एकेक थर आवळतात, शेवटी गाठ मारून तीवर राळेचा लेप देतात.

अमेरिकेतील लेफ्टी क्रेह यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या ‘डिसीव्हर’मध्ये कोंबड्याची लांब पिसे दांडीच्या मागील टोकाला बांधतात, त्यामुळे ती फेकताना गळाच्या बाकाभोवती गुंडाळत नाहीत. नेढ्याजवळ हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर असते. बॉब क्लाउझर यांच्या 1980 च्या दशकातील ‘क्लाउझर मिनो’ या माशीत नेढ्यामागे डंबेलसारखे धातूचे डोळे असतात. त्यांच्या वजनाने गळ उलटा होऊन टोक वर राहते, तळातील दगडांत तो कमी अडकतो, आणि दोरी थांबत-थांबत ओढली की माशी जखमी माशाप्रमाणे खालीवर होते. उलट्या स्थितीत वर येणारी बाजू गडद व खालची पांढरी ठेवतात, कारण बहुतेक मासोळ्यांची पाठ गडद आणि पोट उजळ असते.

पश्चिम किनारा

कोकणात गळाने मासे पकडण्यास ‘गरवणे’ म्हणतात. त्यासाठी पूर्वापार खरे आमिष लावले जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणातही माशांच्या जाती व त्यांची आमिषे सांगितली आहेत. या किनाऱ्यावर स्ट्रीमर बांधायचा तर नमुने हाताशीच आहेत: निळसर-हिरव्या पाठीची तारली, सोनेरी झाक असलेली मांदेली आणि खाडीतील बोय. जिताडा व तांबोशी खाडीच्या तोंडाशी, तर सुरमई मोकळ्या समुद्रात अशा मासोळ्यांवर तुटून पडतात. सुरमईचे दात धारदार असल्याने माशीपुढे बारीक तार जोडतात.

रानकोंबड्याचे पीस

माशीच्या इतिहासात सह्याद्रीचा संबंध येतो तो करड्या रानकोंबड्यामुळे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीच्या जंगलासह पश्चिम घाटात हा पक्षी आढळतो. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांवर मेणासारखे कठीण, पांढरट-पिवळे ठिपके असतात. माशीच्या दोन्ही बाजूंस एकेक पीस लावले की हुबेहूब माशाचा डोळा दिसतो. व्हिक्टोरियन काळातील सालमन माशांसाठीच्या ‘जॉक स्कॉट’सारख्या माश्यांत हे पीस अनिवार्य मानले गेले. परिणामी या पिसांचा व्यापार वाढला आणि त्यासाठी पक्षी मारले गेले. एका नरापासून मानेचे एकच कातडे मिळे. पावसाळ्यात नराची ही पिसे झडून तेथे साधी काळपट पिसे येतात.

दाजीपूर परिसराला 1958 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि राधानगरीचा 2012 मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार रानकोंबड्याची शिकार व त्याच्या पिसांचा व्यापार गुन्हा आहे. हरणांच्या शेपट्यांचे केसही याच कायद्याच्या कक्षेत येतात. परदेशी पुस्तकातील साहित्याची यादी जशीच्या तशी घेऊन येथे माशी बांधणे म्हणूनच धोक्याचे आहे. मोराची गळून पडलेली पिसे देशात बाळगण्यास सवलत असली, तरी त्यांच्या निर्यातीस बंदी आहे.

ब्रिटनमध्ये आता ही पिसे पाळीव अवस्थेत वाढवलेल्या रानकोंबड्यांपासून मिळवतात. भारतात मात्र पाळीव कोंबड्याची पिसे, बोकडाचे केस, कृत्रिम तंतू आणि चिकटवण्याचे प्लॅस्टिकचे डोळे पुरेसे ठरतात. खाऱ्या पाण्यात हे डोळे पिसांपेक्षा टिकाऊही असतात. वापरानंतर माशी गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवली म्हणजे झाले.