युवनाश्वाचें बाळंतपण

मांधाता राजाच्या जन्माची कथा मी प्राचीन इतिहासाच्या तासाला पंचवीस वर्षें सांगत आलों आहें. ती सांगतांना वर्ग कोठें हंसणार हें मला आतां पाठ झालें आहे. तहानेनें व्याकूळ झालेला युवनाश्व राजा रात्रीं आश्रमांत शिरतो, हांक मारतो, कोणी ओ देत नाहीं, मग समोर दिसलेल्या कलशांतील पाणी घटाघटा पितो, येथवर मुलें गंभीर असतात. तें पाणी राणीला पुत्र व्हावा म्हणून मंत्रून ठेवलेलें होतें, हें वाक्य उच्चारलें कीं मागल्या बांकांवरून हंशा सुरू होतो आणि पुढल्या बांकांपर्यंत येऊन पोंचतो. मीही त्यांच्याबरोबर हंसत असें, हें कबूल केलें पाहिजे. एका वर्षीं मात्र हंशा ओसरल्यावर एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, पाणी जिच्यासाठीं होतें तिचें पुढें काय झालें?” मजजवळ उत्तर नव्हतें. घरीं येऊन वनपर्व पुन्हा उघडलें. तेथेंही नव्हतें.

त्या प्रश्नानें मला एका निराळ्याच शोधाला लावलें. पुरुषाच्या पोटीं गर्भ राहणें ही कल्पना पुढें आली म्हणजे लोक काय करतात? हंसतात, भितात, शाप देतात, कीं हात जोडतात? ज्याला निसर्गानें गर्भाशय दिलेलें नाहीं अशा पुरुषास मूल झाल्याचें एकही उदाहरण इतिहासांत नाहीं, तेव्हां घटनेचा इतिहास लिहितां येत नाहीं. परंतु हंसण्याभिण्याला पुरावा भरपूर आहे, आणि तो युवनाश्वाच्या कथेइतका जुना आहे.

महाभारतकार मात्र या कथेंत कोठेंच हंसत नाहीं. सकाळीं रिकामा कलश पाहून ऋषि विचारतात, हें कोणी केलें? राजा खरें तें सांगून टाकतो. भार्गव त्याला ‘हें योग्य झालें नाहीं’ एवढेंच म्हणतो. त्या पाण्यांत घातलेलें तपोबल वायां जाणार नाहीं, तेव्हां पुत्र आतां तुझ्याच पोटीं येईल, असा त्याचा निर्णय. त्याबरोबरच राजाला गर्भाचा त्रास बाधूं नये म्हणून ऋषि एक इष्टि करावयाचें ठरवितात. शंभर वर्षें भरल्यावर राजाची डावी कूस फुटून तेजस्वी पुत्र बाहेर येतो. (विष्णुपुराण व भागवत यांत ही कूस उजवी आहे, पाठभेद शोधणाऱ्यांना तेवढीच मौज.) येथें ग्रंथकार एकदां थांबतो आणि ही अद्भुत गोष्ट घडली असें म्हणतो. पण अद्भुत कोणतें? पुरुष व्याला हें नव्हे. राजा मेला नाहीं, हें. बाळंतपण म्हणजे मरणाच्या दारांतून परत येणें, हें ज्या समाजानें घरोघर पाहिलें होतें, त्याच्या दृष्टीनें ही खरीच आश्चर्याची गोष्ट होती. आमच्या बांकांवरील हंशा या जागीं कधींच आलेला नाहीं, कारण हें भय आम्ही आतां विसरलों आहोंत.

पुढचा प्रश्न दुधाचा. हें बालक काय पिणार, असें देव विचारतात; तेव्हां इंद्र आपली तर्जनी त्याच्या मुखांत घालतो आणि ‘हा मला पिईल’ अशा अर्थाचे शब्द बोलतो, त्यावरून मांधाता हें नांव. म्हणजे गर्भ राजाचा, सुइणपण ऋषींचें, दूध इंद्राच्या बोटाचें. एवढें मोठें बाळंतपण स्त्रीवांचून पार पडलें. भागवताच्या कथेंत युवनाश्वाला शंभर भार्या आहेत, पण त्यांतील एकीलाही बालक उचलून घेण्यास कोणी बोलाविलें नाहीं. माझ्या मतें ही उपेक्षा सहज घडलेली नाहीं. मांधाता पुढें चक्रवर्ती व्हावयाचा आहे. त्याचें रक्त दुसऱ्या कोणत्याही कुळाशीं वांटून घेतलेलें नाहीं, हें सांगण्याची याहून सोपी युक्ति कोणती?

हाच मांधाता बौद्ध वाङ्मयांत गेला आणि तेथें कथा फिरली. अश्वघोषानें बुद्धचरितांत मांधाता मस्तकांतून जन्मल्याचा उल्लेख केला आहे. मायादेवीच्या कुशींतून झालेल्या बुद्धजन्माला जुने दाखले देतांना और्व मांडींतून, पृथु हातांतून, कक्षीवान् खांद्याच्या भागांतून, अशी यादीच त्यानें दिली आहे. दिव्यावदानांत उपोषध राजाच्या मस्तकावर एक गांठ उठते, ती कांहीं वेदना न होतां पिकून फुटते आणि तींतून कुमार निघतो. येथेंही वेदना नाहींतच. परंतु त्या कुमाराला अंतःपुरांत नेतांच राजाच्या साठ हजार स्त्रियांना पान्हा फुटतो आणि प्रत्येक जण ‘मला पी, मला पी’ असें म्हणूं लागते. नांवाची व्युत्पत्ति त्यावरूनच. इंद्राच्या बोटाच्या जागीं बायका आल्या. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला कोणी कांहीं उत्तर दिलेंच असेल तर तें एवढेंच.

आतां महाभारताचें दुसरें टोंक पाहावें. मौसलपर्वांत हंसणारे लोक आहेत. युद्धानंतरच्या छत्तिसाव्या वर्षीं विश्वामित्र, कण्व व नारद द्वारकेस आले असतां सारण वगैरे यादवकुमारांनीं कृष्णपुत्र सांबाला स्त्रीवेष दिला आणि त्याला ऋषींपुढें उभें करून विचारलें, ही बभ्रूची बायको, हिला काय होईल तें सांगा. कॉलेजांतील स्नेहसंमेलनांत शोभेल असा हा विनोद. ऋषींनीं उत्तर दिलें कीं यादवांच्या नाशासाठीं हा लोखंडाचें मुसळ प्रसवेल, आणि दुसऱ्या दिवशीं तसें झालें. राजानें मुसळाचें चूर्ण करवून समुद्रांत टाकविलें, नगरांत मद्य बंद केलें. तरी शेवट कसा झाला तें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मराठींत भाऊबंदांच्या कत्तलीला ‘यादवी’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशीं एका तरुणाचें खोटें पोट आहे हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. युवनाश्वाला खरा गर्भ राहिला, त्याला कोणी हंसलें नाहीं, त्याचा वंश वाढला. सांबानें गर्भाचें सोंग आणलें, सगळे हंसले, आणि वंश बुडाला. एकाच ग्रंथांत या दोन कथा आहेत. दुसरीचा रोख ऋषींच्या अपमानावर आहे हें खरें. पण थट्टेला तेवढाच विषय कां सुचावा, आणि शिक्षाही नेमकी त्याच रूपानें कां यावी, याचा विचार भाष्यकारांनीं फारसा केलेला माझ्या पाहण्यांत नाहीं.

युरोपांत भीतीची जागा बहुतेक उपहासानें घेतली. तेराव्या शतकांत याकोबुस द वोराजिने यानें संतचरित्रांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यांत संत पीटरच्या चरित्रांत नीरो बादशहाची कथा येते. आपल्याला गर्भ राहिला पाहिजे आणि प्रसूतीच्या वेदना कळल्या पाहिजेत असा हट्ट तो वैद्यांपाशीं धरतो. हें निसर्गाविरुद्ध आहे असें ते सांगतात. प्राणांवर बेततांच कसल्याशा पेयांतून त्याच्या पोटांत एक बेडूक सोडतात. पोट वाढतें, वेदना असह्य होतात, आणि बादशहा रक्तानें माखलेला बेडूक ओकतो. मी जन्मलों तेव्हां असाच होतों काय, असें तो विचारतो. वैद्य होय म्हणतात. खुद्द याकोबुसनेंच ही कथा प्रमाणग्रंथांतील नसल्याचें नमूद केलें आहे, तरी ती दिली आहे. आपल्या आईचा घात करून तिचें उदर पाहणारा हा राजा. त्याला तें उदर स्वतःला हवें झालें म्हणजे त्यांतून बेडूकच निघावा, हा त्या काळच्या श्रोत्यांना न्याय वाटत असला पाहिजे.

बोकॅचिओच्या डेकॅमेरॉनमधील कालांद्रिनोची गोष्ट याहून मोकळ्या मनाची. चौदाव्या शतकाच्या मध्यांतील हा ग्रंथ. नवव्या दिवसाची तिसरी कथा. आत्याच्या वारशाचे पैसे मिळालेल्या या भोळ्या चिताऱ्याला त्याचे मित्र व एक वैद्य मिळून पटवितात कीं तुला दिवस गेले आहेत. तो प्रथम बायकोवर खापर फोडतो. मग रडूं लागतो: बाळंत होतांना बायका केवढा आक्रोश करतात तें आपण ऐकलें आहे, तसल्या वेदना आल्या तर आपण मूल होण्यापूर्वींच मरून जाऊं. सुटका व्हावी म्हणून तो पैसे मोजतो, कोंबडे विकत आणून देतो, आणि औषध पिऊन बरा होतो. वाचक कालांद्रिनोला हंसतात. मला मात्र तो आक्रोशाचा उल्लेख थांबवितो. भिंतीपलीकडून तो आवाज वर्षानुवर्षें ऐकणाऱ्या पुरुषाला त्याचा अर्थ कळावयास स्वतःच्या पोटाची शंका यावी लागली. आपली मराठी म्हण तर याहून कठोर आहे. वांझ काय जाणे प्रसूतीच्या वेणा, असें म्हणून आपण दुर्दैवी स्त्रीला हिणवितों. पुरुषही त्या वेणा जाणत नाहीं, हें म्हण करणाऱ्याच्या ध्यानींमनींही आलें नाहीं. आणि तीच मराठी ज्ञानेश्वरांना माउली म्हणते, विठोबाची विठाई करते, त्यांत कोणाला हंसूं येत नाहीं. मायेचें आईपण पुरुषाला सुखानें देऊं; कळा देणार नाहीं.

कांहीं समाजांनीं मात्र कळांचेंही सोंग विधि म्हणून आणलें. प्लूटार्क सांगतो कीं सायप्रस बेटांतील अमाथुस येथें बाळंतपणांत मेलेल्या अरिआद्नेच्या स्मरणार्थ एक तरुण निजून प्रसववेदनेचा आक्रोश करी. इबेरियांतील स्त्रिया बाळंत होतांच उठून नवऱ्यालाच अंथरुणावर निजवितात व त्याची शुश्रूषा करतात, असें स्ट्राबो लिहितो. मार्को पोलोनें चीनच्या नैर्ऋत्य सीमेवर हीच चाल चाळीस दिवसांची असल्याचें लिहिलें आहे. ही आपल्यापासूनही दूर नव्हती. मुंबईंत निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ मासिकांत १८७४ सालीं दक्षिणेंतील येरुकल लोकांविषयीं असा वृत्तांत आला कीं बायकोला कळा येतांच नवरा तिचें लुगडें नेसून, कपाळावर तिच्यासारखी खूण लावून, अंधाऱ्या खोलींत पांघरूण घेऊन निजतो. मूल त्याच्या कुशींत ठेवतात, आणि हिंगगुळासारखें बाळंतिणीचें औषध आईऐवजीं त्यालाच देतात.

या चालीला ‘कूवाड’ हें नांव १८६५ सालीं एडवर्ड टायलरनें शास्त्रांत रूढ केलें. बाप व अर्भक यांच्या शरीरांत अदृश्य दुवा असल्याची समजूत तिच्या मुळाशीं आहे, असें त्याचें प्रथमचें म्हणणें. पुढें मातृसत्तेकडून पितृसत्तेकडे वळतांना बापानें मुलावर हक्क सांगण्याचा हा प्रकार, या बाखोफेनच्या मताकडे तो झुकला. मॅक्स म्युल्लरला दोन्ही पटलें नाहीं. बिचाऱ्या नवऱ्याला घरांतील बायकांनीं आधीं छळून हैराण केलें आणि मग तो अंधश्रद्धेला बळी पडला, असें त्याचें अनुमान. ऋग्वेदाची आवृत्ति काढणारा एवढा मोठा पंडित. पण येथें त्याच्या मुखांतून आमच्या मागल्या बांकावरचा विद्यार्थी बोलत आहे.

विसाव्या शतकांत ही कल्पना जाहिरातींत व चित्रपटांत गेली. १९७० सालीं ब्रिटनमधील आरोग्यशिक्षण मंडळानें एक भित्तिपत्रक काढलें. पोट पुढें आलेला एक तरुण खिन्नपणें उभा आहे, आणि दिवस तुम्हांला जात असते तर तुम्ही अधिक काळजी घेतली असती काय, असा खालीं प्रश्न. संततिनियमनाच्या प्रचारांत इतका नेमका प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. येथें हंसणाराच हंशाचा विषय होता. जाक देमीच्या १९७३ च्या फ्रेंच चित्रपटांत मास्त्रोयानी गर्भार ठरतो, आणि व्यापारी लगेच पुरुषांसाठीं गरोदरपणाचे कपडे काढतात. शेवटीं वैद्यांचीच चूक निघते. १९७८ व १९९४ सालीं अमेरिकेनेंही असे दोन विनोदी चित्रपट काढले. दुसऱ्यांत आर्नोल्ड श्वार्झनेगरसारखा धिप्पाड नट घेतला, त्यांतच विनोद संपला.

पडद्याबाहेर गोष्ट इतकी हलकी नसते. १९९९ सालीं विदर्भांतील एका गृहस्थावर मुंबईंत शस्त्रक्रिया झाली. पोट वाढल्यामुळें आसपासचे लोक त्याला गरोदर म्हणून चिडवीत. शस्त्रवैद्यांना अर्बुद असावें असें वाटलें होतें, निघाला तो त्याच्याच जुळ्या भावंडाचा, जन्मापूर्वींच त्याच्या शरीरांत गुरफटलेला, अपुरा देह. हें गरोदरपण नव्हे. वैद्यकाला असे प्रकार ठाऊक आहेत. पण त्या मनुष्याचा श्वास कोंडेपर्यंत थट्टा चालूं होती, आणि पुढें जगभरच्या वार्ताहरांनीं मथळा दिला तो थट्टेचाच.

केरळांतील प्रकार अगदीं निराळा. फेब्रुवारी २०२३ मध्यें कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत एक बालक जन्मलें. जन्मतः स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीनें त्याला जन्म दिला. जोडीदार जन्मतः पुरुष म्हणून नोंदलेली, पण स्त्री म्हणून जगणारी. गरोदरपणाचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं होतीं. अभिनंदन झालें आणि शिव्याशापही मिळाले, म्हणजे युवनाश्व व सांब दोघांच्याही वांट्याचें त्यांना एकदमच लाभलें. खरी अडचण नंतर आली, ती जन्मदाखल्याची. त्यावर ‘पिता’ व ‘माता’ असे दोन रकाने असतात, आणि त्यांपैकीं कोणत्या रकान्यांत कोणी बसावें? त्या दोघांना ते रकानेच नको होते. प्रकरण केरळ उच्च न्यायालयांत गेलें, आणि जून २०२५ मध्यें न्यायालयानें नवा दाखला देण्याचा आदेश दिला: त्यावर ‘पिता’, ‘माता’ हे शब्द काढून दोघांनाही ‘पालक’ म्हणावें आणि त्यांच्या लिंगाचा उल्लेख करूं नये.