साथीचे रोग आणि वाद्यवृंदाचे अध्ययन : मुंबई, मावळ व पुणे या पट्ट्याच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

पाश्चात्त्य संगीतातील सिंफनी ऐकणाऱ्यास एकाच विशाल ध्वनीसारखी वाटत असली, तरी तिच्या मुळाशी साठ-सत्तर, क्वचित शंभर वादकांनी एका दालनात, एकाच क्षणी केलेले निरनिराळे वादन असते. साहजिकच तिच्या अध्ययनाची दोन अंगे संभवतात. एक वाचनाचे : स्वरलिपीत प्रत्येक वाद्याची ओळ स्वतंत्र लिहिलेली असते, ती वाचून रचनेचे विभाग, स्वरसंवाद व वाद्यांची योजना समजून घ्यावयाची. दुसरे सहवादनाचे : आपला स्वर शेजाऱ्याच्या स्वराशी जुळविणे, आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजीत थांबणे, संचालकाच्या हातावर दृष्टी ठेवणे. पहिले अंग ग्रंथालयात एकट्याने साधता येते. दुसरे एकत्र जमल्यावाचून साधत नाही. साथीच्या रोगाचा पहिला प्रतिबंध मात्र माणसांच्या एकत्र येण्यावरच पडतो. अशा वेळी ही दोन अंगे परस्परांपासून कशी तुटतात, आणि विद्यापीठीय शिक्षणात त्यांपैकी कोणते शिल्लक राहते, याचा येथे विचार करावयाचा आहे. मराठीत रोगाच्या फैलावास आणि गायकाबरोबर होणाऱ्या वादनासही ‘साथ’ हाच शब्द आहे. पहिली साथ आली म्हणजे दुसरी थांबते, हा अनुभव या प्रदेशाने सव्वाशे वर्षांत तीनदा घेतला.

या विचारासाठी मुंबई ते पुणे हा पट्टा निवडण्यास कारण आहे. सिंफनीचे वाद्यवृंद मुंबईत उभे राहिले. विद्यापीठीय संगीतशिक्षणाचे एक केंद्र पुण्यात आहे. आणि या दोहोंच्या मध्ये, घाटमाथ्यावर, लोणावळे व मावळ तालुका येतो. या तालुक्याच्या दृष्टीने दोन्ही शहरे रेल्वेने जोडलेली, आणि रेल्वे थांबताच दोन्ही दूर.

१

हा रेल्वेमार्गच मुळी रोगराईशी झुंजत तयार झाला. बोरघाटाच्या चढणीचे काम चालू असता पटकीने मजुरांचे बळी घेतले. १८५९ मध्ये येथे आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला आणि मुंबई व पुणे यांचा व्यवहार सुलभ झाला. त्या व्यवहारात पाश्चात्त्य वाद्यांचाही समावेश होता. पावसाळ्यात मुंबईच्या गव्हर्नराचा मुक्काम पुण्यास गणेशखिंडीतील निवासस्थानी असे. पुणे व खडकी येथील छावण्यांत पलटणींचे बँड असत. ही वाद्ये वाजविणाऱ्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, कारण गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन व व्हायोलिन लहानपणीच शिकविले जाई. गणेशखिंडीतील तीच वास्तू १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच काळात पुण्यात भारतीय संगीताचे शिक्षण घराण्याबाहेर, सभा व शाळा या रूपाने देण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. १८७४ मध्ये स्थापन झालेला पूना गायन समाज हे त्याचे आरंभीचे उदाहरण होय. म्हणजे एकत्र जमून ऐकावयाचे व शिकावयाचे संगीत ही कल्पना येथे रुजत असतानाच पहिला मोठा आघात झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच्या बळावर घरझडत्या, रेल्वे प्रवाशांची तपासणी व यात्रांवरील निर्बंध अमलात आले. या उपायांच्या अंमलबजावणीतील जाचामुळे निर्माण झालेल्या क्षोभाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, आणि तोही गणेशखिंडीतील समारंभातून परतताना. संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, लोकांनी कोठे व किती संख्येने जमावे हा विषय त्या वेळी साथीच्या निमित्ताने या प्रांतात कायद्याच्या कक्षेत आला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.

२

दुसरा आघात १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा. जूनमध्ये मुंबई बंदरात आलेला हा ताप सप्टेंबर-ऑक्टोबरात भीषण रूपाने परतला. हिंदुस्थानातील मृत्यूंचे निरनिराळे अंदाज सुमारे सव्वा कोट ते एक कोट ऐंशी लाख असे आहेत. याच वर्षी युरोपात घडलेल्या दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. स्ट्राव्हिन्स्कीची ‘सैनिकाची कथा’ ही केवळ सात वादकांसाठी लिहिलेली रचना २८ सप्टेंबर १९१८ रोजी लोझान येथे सादर झाली. पुढील दौरा मात्र इन्फ्लुएंझामुळे रद्द करावा लागला. वादकांची संख्या महायुद्धाच्या टंचाईमुळे कमी केलेली होती. परंतु सात जणांचा ताफादेखील साथीपुढे टिकू शकला नाही. दुसरी गोष्ट व्हिएन्ना येथील. नोव्हेंबर १९१८ मध्ये शोएनबर्ग याने खाजगी संगीतप्रयोगांसाठी एक संस्था स्थापिली. मोठ्या वाद्यवृंदाच्या कृती पियानोवर किंवा थोड्या वाद्यांवर बसवून जाणकारांना ऐकविणे व समजावून देणे, असा तिचा क्रम होता. एर्विन श्टाइन याने १९२१ मध्ये माहलरच्या चौथ्या सिंफनीचे जे लहान वृंदासाठी रूपांतर केले, ते याच संस्थेसाठी. या रूपांतराचा संबंध पुढे पुन्हा येईल.

मुंबईत त्या सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे कार्य ऐन भरात होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या त्यांच्या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० मध्ये निघाला होता; पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यास भरली होती. दुसरी परिषद डिसेंबर १९१८ मध्ये, म्हणजे साथीचा कहर ओसरताच, दिल्लीस भरली. भातखंड्यांच्या लेखनकार्याचा आरंभ साथीच्या कितीतरी आधीचा असल्याने तिचा परिणाम म्हणून त्याकडे पाहता येत नाही. तथापि त्या कार्यामागील तत्त्व प्रस्तुत प्रश्नाशी जुळते. मुखोद्गत चिजा स्वरलिपीत उतरल्या म्हणजे त्या उस्तादाच्या आयुष्यावर अवलंबून राहत नाहीत, त्या पाठ्यक्रमात बसविता येतात व त्यांची परीक्षा घेता येते. १९२६ मध्ये लखनौस निघालेले मॅरिस कॉलेज हे या विचाराचे संस्थारूप होय. मात्र लिपीतून चीज कळते, गायकी कळत नाही, हा आक्षेप त्या पद्धतीवर तेव्हापासून घेतला गेला. सिंफनीच्या बाबतीतही नेमका हाच भेद पुढे शंभर वर्षांनी उभा राहिला.

३

मुंबईत सिंफनीचे वादन स्थिर पायावर आणण्याचे प्रयत्न या दोन आघातांनंतरचे आहेत. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. १९३४ मध्ये मुंबईस आलेले वाल्टर काउफमन यांनी येथे चेंबर म्युझिक सोसायटी चालविली व आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहिले. मेहलींचे पुत्र झुबिन मेहता १९५४ मध्ये शिक्षणासाठी व्हिएन्नास गेले. गोमंतकीय वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांना आपले कौशल्य दिले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्व्हिस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा करून लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासह भारतीय धाटणीच्या वृंदरचना सादर केल्या. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राच्या आश्रयाने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याच्या हंगामात येथील कायम वादकांबरोबर परदेशी वादकही येऊन बसतात.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. सिंफनीचे शिक्षण येथे मुख्यतः कुटुंबात, चर्चच्या शाळेत, खाजगी शिक्षकाकडे अथवा परदेशात झाले. विद्यापीठात ते क्वचितच झाले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये निघाले व त्याने गुरुकुल पद्धतीचा अंगीकार केला. सिंफनीच्या अभ्यासकास मात्र ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि मुंबईतील सभागृह यांवरच भिस्त ठेवावी लागे. लोणावळ्याच्या विद्यार्थ्यास ते सभागृह रेल्वेने काही तासांच्या अंतरावर होते, आणि त्याच्या अध्ययनातील सहवादनाचे अंग या काही तासांवरच टिकून होते.

४

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. पुणे–लोणावळा लोकल बंद पडली. जिल्ह्याबाहेर जाण्यास परवाना लागू लागला. महाविद्यालयांचे वर्ग दूरध्वनी व संगणकाच्या पडद्यावर आले. ते वर्ष बेथोव्हनच्या जन्माचे अडीचशेवे वर्ष होते. जगभर योजिलेले त्याच्या सिंफनींचे कार्यक्रम रद्द झाले. सामुदायिक संगीताविषयी धास्ती वाटण्यास सबळ कारणही होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च रोजी एका गायकवृंदाच्या तालमीस ६१ जण उपस्थित होते. त्यांपैकी ५३ जणांना खात्रीने किंवा बहुधा लागण झाली व दोघे दगावले. बर्लिन फिलहार्मोनिकने १२ मार्च रोजी रिकाम्या सभागृहात वादन करून ते दूरस्थ श्रोत्यांस ऐकविले. त्याच वृंदाने १ मे रोजी, वादकांत अंतर ठेवून, श्टाइनने केलेले माहलरचे उपरोक्त लघुरूप सादर केले. १९१८ च्या व्हिएन्नातील अध्यापनाची युक्ती १०२ वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली.

वाचनाच्या अंगाला ही साथ एका परीने लाभदायकच ठरली. २००६ पासून चालू असलेल्या पेत्रुच्ची ग्रंथालयातून स्वरलिपी विनामूल्य मिळत होत्या; मोठ्या वृंदांचे मुद्रित कार्यक्रम खुले झाले; परदेशी विद्यापीठांचे परिचय-अभ्यासक्रम घरबसल्या ऐकता आले. पूर्वी मुंबईस गेल्यावाचून न मिळणारी सामग्री लोणावळ्यात हाती आली. मात्र हा लाभ सर्वांस सारखा झाला नाही. पवन, आंदर व नाणे मावळच्या डोंगराळ खोऱ्यांत मोबाइलचा संपर्क सर्वत्र सारखा नसतो, आणि एका घरात एकच दूरध्वनी असेल तर तो आधी कोणाच्या वर्गासाठी, हा प्रश्न उरतोच.

सहवादनाचे अंग मात्र जवळजवळ संपूर्ण लोपले. त्याचे कारण इच्छेच्या अभावात नसून ध्वनिशास्त्रात आहे. दोन वादकांतील विलंब सुमारे २५ ते ३० सहस्रांश सेकंदांपलीकडे गेला की लय मंदावू लागते. हवेतून ध्वनी एवढ्या वेळात साडेआठ ते दहा मीटर जातो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. त्याच्या एका टोकाचा ध्वनी दुसऱ्या टोकास पोहोचण्यास सुमारे ११० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे त्या दालनाच्या दोन टोकांस उभे राहून, केवळ कानाच्या आधारे द्रुत लयीत एकत्र वाजविणे दुर्घट होय. मोठ्या वाद्यवृंदास डोळ्यांनी पाहावयाचा संचालक लागतो, त्याचे हेही एक कारण आहे. संगणकावरील संभाषणात विलंब बहुधा एवढा किंवा याहून अधिक असतो, आणि पडद्यावरील संचालकाचा हातही तितक्याच उशिरा दिसतो. शिवाय ही साधने मनुष्याच्या बोलण्यासाठी घडविलेली असल्याने दीर्घ स्वरास ती पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबतात, आणि एका वेळी एकाच आवाजास पुढे येऊ देतात. यावर उपाय म्हणून प्रत्येकाने कानात ठोके ऐकत आपली ओळ एकट्याने मुद्रित करावी व मागाहून सर्व जोडाव्यात, अशी रीत रूढ झाली. त्यातून निघणारी कृती सुबक असे. परंतु वादकाने ठोक्याचे ऐकलेले असते, शेजाऱ्याचे नव्हे.

हा तोटा परक्या संगीतापुरता आहे असे समजणे चूक ठरेल. मावळाच्या इंद्रायणीकाठी वृंदसंगीताची स्वतःची जिवंत शाळा आहे, ती दिंडीची. टाळकरी लिपी वाचून तयार होत नाही. तो ओळीत उभा राहून, पुढच्याच्या पावलाकडे व मृदंगाकडे लक्ष देऊन शिकतो. ३० जून २०२० रोजी देहूहून संत तुकारामांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या. पुढील वर्षीही वारी पायी झाली नाही. अभंगाची संहिता घरोघर होतीच. खंडित झाली ती टाळ धरावयास शिकविणारी रांग. येथे एकत्र चालणे हीच तालीम असते. म्हणून वारीचा खंड हा शिक्षणाचाही खंड ठरतो.

५

साथीच्या वर्षांतील परीक्षा ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या प्रमाणावर बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने झाल्या. अशा परीक्षेत सोनाटा-रूपाचे विभाग किंवा बासून व ओबो यांतील फरक विचारता येतो. तो कळलेल्या विद्यार्थ्याचे ज्ञान खोटे म्हणता येणार नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावरून त्या विद्यार्थ्यास वृंदात बसता येईल असा अर्थ काढणे सयुक्तिक होणार नाही. विद्यापीठाच्या दृष्टीने खरा धोका आपत्काळातील तडजोडीचा नसून, ती तडजोड स्वस्त व सोयीची म्हणून पुढे कायम होण्याचा आहे. वाचनाचे अंग पडद्यावर भागते; म्हणून सहवादनाच्या तासिका, दालने व वाद्ये अनावश्यक ठरविण्याचा मोह संस्थांस पडणे स्वाभाविक आहे.

तीन साथींच्या इतिहासावरून या मोहास उत्तर मिळते. प्लेगनंतर गायनाच्या सभा पुन्हा भरल्या. इन्फ्लुएंझानंतर दोन महिन्यांच्या आत दिल्लीत परिषद भरली. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. प्रत्येक वेळी लिपी, मुद्रिका अथवा पडदा यांनी मधला काळ निभावून नेला, व लोक परतून एकत्र आल्यावरच संगीत पूर्ववत झाले. यास्तव सिंफनीच्या कोणत्याही विद्यापीठीय अभ्यासक्रमात ही दोन अंगे स्वतंत्रपणे मोजली जावीत. साथीच्या काळात वाचनाचे श्रेय तेवढ्यापुरते द्यावे, आणि सहवादनाचे श्रेय राखून ठेवून निर्बंध उठताच ते पुरे करण्याची संधी विद्यार्थ्यास द्यावी. साथीच्या वर्षांत ज्यांचे शिक्षण झाले, त्यांच्या बाबतीत हे ऋण अद्याप फिटलेले नाही. ते फेडण्यास फार मोठा खर्चही लागत नाही : पंधरा-वीस वादक बसतील असे एक दालन, श्टाइनच्या धर्तीची लघुरूपे, आणि घाटमाथ्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यास शेवटच्या लोकलने परतता येईल अशी तालमीची वेळ, एवढ्यावर आरंभ करता येईल.